खंडेनवमीची पूजा आणि ठासणीच्या बंदुकीचा गंज

घटस्थापनेच्या दिवशी पेरलेले धान्य सातव्या-आठव्या माळेला वीतभर उंच होते, अंगणात झेंडूच्या राशी येऊन पडतात आणि घराघरांत आवराआवर सुरू होते. गृहिणी देवघरातील उपकरणी चिंचेने उजळीत असतात. घरातील कर्ता पुरुष माळ्यावरून कोयते, विळे, कुदळी आणि नांगराचा फाळ खाली काढतो. आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. हा शस्त्रांच्या आणि अवजारांच्या पूजेचा दिवस. शहरातील घरांत या दिवशी शिवणयंत्राला आणि मोटारीला हार चढतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत मात्र काही घरांच्या पाटावर कोयत्याच्या शेजारी आणखी एक वस्तू विराजमान होते. ती म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक.

तोंडाकडून दारू भरावयाची, वर चिंधी किंवा काथ्या घालून गजाने ठासावयाची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर टोपी बसवून घोडा ताणावयाचा, अशी ही जुनी तऱ्हा. जगाने ही तऱ्हा केव्हाच मागे टाकली. माहुलीच्या, आजोबा पर्वताच्या आणि माळशेज घाटाच्या छायेतील या गावांत मात्र ती अद्याप आढळते. त्याचे कारण शेतीत आहे. दसऱ्याच्या सुमारास हळवा भात लोंबीला आलेला असतो, वरकस जमिनीत नागली-वरी उभी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या अशा बंदुका परवान्याने बाळगल्या गेल्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

या बंदुकीची पूजा आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. भक्तिभाव कोठेही उणा नव्हता. परंतु हार उतरवून नळीत पाहिले असता आत तांबूस चूर्ण साचलेले दिसले, असेही प्रसंग आले. ज्या वस्तूला आपण वर्षातून एकदा नमस्कार करतो, तिला उरलेले दिवस गंज खात असेल, तर तो नमस्कार देवीला पोहोचला असे म्हणावे काय? हा प्रश्न मनात धरूनच आजचे हे लेखन करीत आहोत.

शमीच्या झाडावरील धडा

विजयादशमीची कथा आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी विराटनगरीत पाऊल टाकण्यापूर्वी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि वर्षभराने ती पुन्हा हाती घेतली. कीर्तनांत ही कथा रंगते, परंतु विराटपर्वातील दोन बारकावे बहुधा सांगावयाचे राहून जातात. पहिला असा की, शस्त्रे ठेवण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. दुसरा असा की, नकुल झाडावर चढला आणि जेथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा जागा शोधून त्याने ती शस्त्रे घट्ट बांधली.

व्यासांनी हे दोन तपशील विनाकारण घातले असतील, असे आम्हांस वाटत नाही. शस्त्र ठेवावयाचे ते ताण उतरवून ठेवावयाचे, आणि पावसापासून राखून ठेवावयाचे. गांडीवासारख्या दिव्य धनुष्यालाही हा नियम चुकला नाही. मग आपल्या लोखंडी नळीची काय कथा! आजच्या भाषेत या दोन नियमांचा अर्थ इतकाच की, बंदूक घरात ठेवावयाची ती रिकामी करून, आणि गंजापासून जपून.

मराठी राज्यकर्त्यांनीही हे तत्त्व शिरोधार्य मानले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडकिल्ल्यांच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाज्यांना तेल-मेण द्यावे, तोफांचे कान मेणाने भरून बंद करावेत, आणि कोठारातील दारू व बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून ऊन दाखवून पुन्हा मोहोरबंद करावेत, अशा अर्थाच्या सूचना त्यात आहेत. शहापूरजवळचा माहुली किल्ला १६३६ साली शहाजीराजांनी झुंजविला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० साली तो पुन्हा स्वराज्यात आला. कोकणच्या पावसात असे गड लढते ठेवावयाचे, तर तलवारीच्या जोडीने तेलाचा बुधला आणि मेणाचा गोळाही हाताशी हवा, हे त्या पिढीने ओळखले होते.

पाटावरची भरलेली बंदूक

मुरबाड तालुक्यातील एका वाडीत ऐंशीच्या घरातील एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस जे सांगितले, ते येथे नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. त्यांच्या ओटीवर आम्ही बसलो होतो. सातवी माळ होती. आजोबांनी बंदूक खाली काढली, नळीचे तोंड अंगणाच्या मोकळ्या बाजूला वळविले आणि सर्वांत आधी गज हाती घेतला. गजावर एक खाच होती. गज आत सोडताच ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी आली. आजोबांनी समाधानाने मान हलविली.

"बाबा, ही खाच कशासाठी?" आम्ही विचारले.

"रिकामी असली की खाच तोंडाला लागते, साहेब. एका साली लागली नव्हती. चार बोटं वर राहिली."

मग त्यांनी हकिगत सांगितली. एका कार्तिकात राखणीला भरलेला बार उडालाच नाही. पहाट झाली, बंदूक घरी येऊन खुंटीला लागली आणि विसर पडला. पुढच्या खंडेनवमीला तिची पूजा झाली. त्याच्या पुढच्या वर्षीही झाली. घरातील मुलांनी हार घातले, सुनेने निरांजन ओवाळले. तिसऱ्या वर्षी नळी धुवावयास काढली, तेव्हा गज अडला.

"दोन वर्षं भरली बंदूक पाटावर होती आणि समोर दिवा होता," आजोबा म्हणाले. "देवीनं राखलं. पण दर साली तिलाच कामाला लावायचं का?"

या वाक्यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते, हे मात्र प्रत्येक घराने ध्यानी ठेवावे. असा विसर केवळ आपल्याकडेच पडतो असेही नाही. अमेरिकेत १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यात आल्या, त्यांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या. कित्येकांत तर बारावर बार ठासलेला होता. कवायती फौजेची ही स्थिती, तेथे थकल्याभागल्या शेतकऱ्याला दोष कोणी द्यावा? म्हणूनच माणसाच्या आठवणीवर न विसंबता गजावर विसंबावे.

गजाला खाच नसेल तर रीत सोपी आहे. नळीचे तोंड माणसांपासून आणि स्वतःच्या चेहऱ्यापासून दूर धरून गज बुडापर्यंत सोडावा आणि तोंडापाशी गजावर खूण करावी. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पहावा. खूण तोंडाशी धरली असता गजाचे दुसरे टोक बुडाशी, टोपीच्या खुंटीपाशी पोहोचले, तर नळी रिकामी आहे. ते काही बोटे अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे. अशा वेळी घरी कोणताही प्रयोग करू नये. टोचू नये, ठोकू नये, तापवू नये. खुंटीवर टोपी असल्यास तिला हात लावू नये. बंदूक दिव्यापासून आणि चुलीपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवून पोलीस ठाण्यास कळवावे आणि परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराकडून बार काढून घ्यावा. त्या वर्षीची पूजा बंदुकीविना झाली तरी देवी रागावणार नाही.

गंज का चढतो?

पुष्कळांची समजूत अशी की, तेल दिले की बंदूक राखली. ही समजूत अर्धीच खरी आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते, तेव्हा तिचे निम्म्याहून अधिक वजन धुरात न जाता घनरूपाने मागे उरते. नळीत बसणारी ही काळी काट म्हणजे मुख्यतः खार होय. मीठ जसे पावसाळ्यात बरणीत पाणी धरते, तसा हा खार हवेतील ओल शोषून घेतो आणि ती ओल लोखंडाला चिकटवून ठेवतो. जुन्या तऱ्हेच्या टोप्यांतूनही असाच क्षार मागे उरतो. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आली की गंज ठरलेलाच, आणि खार असला की तो अधिकच वेगाने चढतो. श्रावणात या भागातील हवेत ओल इतकी असते की, काट न काढलेली नळी एका रात्रीतही तांबूस होऊ लागते.

आता मर्माची गोष्ट अशी की, हा खार तेलात विरघळत नाही. तो पाण्यात विरघळतो. काटीवर तेल चोपडणे म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे होय. गंज टाळण्यासाठी लोखंडाला आधी पाणी दाखवावे लागते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते, परंतु ठासणीच्या बंदुकीची सारी निगा या एका सत्यावर उभी आहे.

स्नान, कोरडेपणा आणि अभ्यंग

देवपूजेतील उपचारांप्रमाणे या कामालाही क्रम आहे. जवळ दिवा, विडी किंवा दारू नाही आणि नळी रिकामी आहे, याची खात्री करून मगच आरंभ करावा.

बहुतेक बंदुकांची नळी दस्त्यापासून सुटी करता येते. तशी सोय असेल तर ती सुटी करावी, म्हणजे लाकडात पाणी शिरत नाही. घमेल्यात कढत पाणी घेऊन त्यात थोडा साबण घालावा आणि नळीचे बूड त्यात बुडवावे. गजाच्या टोकाला सुती चिंधी घट्ट बांधून ती नळीत वरखाली करावी. खुंटीच्या बारीक भोकातून पाणी पिचकारीसारखे आत-बाहेर होऊ लागते. पहिले पाणी शाईसारखे काळे निघते आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा अंश होय. पाणी बदलीत रहावे. नितळ पाणी येऊ लागले की अखेर साधे उकळते पाणी नळीतून ओतावे. त्याने नळी इतकी तापते की आतील ओल आपोआप उडून जाते. हात मात्र जाड फडक्यात गुंडाळावा.

मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात. नळी कोमट असतानाच तेलाची चिंधी फिरवावी. खुंटीचे भोक बारीक तारेने मोकळे करावे आणि घोड्याच्या व चापाच्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब द्यावा.

तेल कोणते? घरातील खाद्यतेल हाताशी असते, पण करडईचे आणि जवसाचे तेल कालांतराने सुकून चिकट पापुद्रा धरते. खोबरेल थंडीत थिजते आणि जुने झाले की खवट होते. शिवणयंत्राचे हलके तेल उत्तम. जवसाचे तेल दस्त्याच्या लाकडाला मात्र हितकर असते. दीर्घकाळ ठेवावयाच्या नळीवर बाहेरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिला, तर आज्ञापत्रातील तेल-मेणाची रीत पाळल्यासारखेच होते.

काम येथेच संपत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कोरडी पांढरी चिंधी पुन्हा फिरवून पहावी. ती तांबूस निघाली, तर कोठेतरी खार राहिला आहे. सारा क्रम पुन्हा करावा. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा नळी पहावी. आज्ञापत्रात कोठारासाठी सांगितलेला ठरावीक दिवसांचा नियम येथेही चालावा. बंदूक गोणपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. दोन्ही ओल धरतात. भिंतीलाही टेकवू नये, कारण चातुर्मासात भिंत घामेजते. कोरड्या जागी, कुलूपबंद, नळीचे तोंड खाली करून ठेवली म्हणजे जादा तेल दस्त्यात उतरत नाही. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर ती धुऊन, तेल देऊन जमा करावी आणि परत येताच आधी गज, मग चिंधी हा नेम ठेवावा.

देवघराची रीत शस्त्राला लावू नये

आमच्या गृहिणींस येथे एक नम्र सूचना आहे. चिंच आणि राख यांनी पितळेची समई झळाळते, म्हणून त्याच हाताने बंदुकीची नळी घासण्याचा मोह होतो. तो आवरावा. चिंचेतील आंबटपणा लोखंडाच्या बारीक छिद्रांत उरतो आणि आज आलेली झळाळी आठ दिवसांत गंजाला आमंत्रण देते. लाकडाच्या राखेत जो खार असतो, तो काळ्या दारूच्या काटीतही असतो. जो शत्रू घासून बाहेर काढावयाचा, त्यालाच आपण आत बोलावतो! विटेची भुकटी आणि वाळू यांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत ओल साचते. वरवरचा गंज तेलात भिजविलेल्या मऊ फडक्याने, घाई न करता, पुसून काढावा. आतून खड्डे पडले असतील, तर घरी खटपट न करता कारागिराला दाखवावे. पोखरलेली नळी बार उडताच फुटण्याचा संभव असतो आणि ती फुटते ती चालविणाऱ्याच्या तोंडासमोर. अशी बंदूक पुन्हा चालविण्याचा विचार सोडून द्यावा.

पूजेतही थोडा विवेक हवा. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार यांचा संस्कार देऊन पारंपरिक कुंकू तयार होते. ते ओले करून लोखंडावर लावले आणि तसेच ठेवले, तर दसऱ्याला लावलेले बोट कोजागिरीला गंजाचा डाग होऊन दिसते. नारळाचे पाणी, पंचामृत आणि झेंडूचा ओला हार यांचेही तेच. म्हणून पाटावर कोरडे वस्त्र अंथरावे, त्यावर तेल पुसलेले शस्त्र ठेवावे, हळदकुंकू लाकडी दस्त्याला कोरडेच वाहावे, अक्षता कोरड्या वाहाव्यात, पाण्याचे प्रोक्षण शेजारी ठेवलेल्या सुपारीवर करावे आणि हार पाटाला घालावा. निरांजन दुरून ओवाळावे. विसर्जनानंतर शस्त्र पुसून पुन्हा तेलाचा हात द्यावा. यात शास्त्राला बाध येत नाही आणि भावाला तर मुळीच येत नाही. विळा, कोयता आणि फाळ यांनाही हाच नियम लागू आहे. दसऱ्यानंतर लगेच भातकापणीला हात घालावयाचा असतो, तेव्हा गंजका विळा हाती आला तर दोष कोणाचा?

बंदुकीसंबंधी आणखी एक सांगणे प्राप्त आहे. पूजेसाठी म्हणून विनापरवाना बंदूक घरात ठेवता येत नाही. परवानाधारक वडील निवर्तले असतील, तर वारसाने बंदूक विधिवत जमा करून पुढील अर्ज करावा. परवाना असला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असेही नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानडुकरालाही वन खात्याच्या रीतसर परवानगीवाचून मारता येत नाही. शहापूर तालुक्यात तर तानसा अभयारण्यच आहे. आणि सीमोल्लंघनाच्या आनंदात आकाशात बार काढण्याची हौस कोणास असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर जल्लोषात बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सण हा रक्षणाचा आहे. त्या दिवशी कोणाच्या घरी शोक होऊ नये.

आम्ही त्या वाडीतून निघालो, तेव्हा उन्हे उतरली होती. आजोबांनी नळी धुऊन, कोरडी करून, तेल देऊन ओटीवर ठेवली होती आणि नातवाला तिसरी पांढरी चिंधी दाखवीत ते म्हणत होते, "बघ पोरा, पांढरी आली का नाय? आता पाट मांडायला हरकत नाय." नवमीचा मुहूर्त अद्याप दोन दिवसांवर होता. परंतु त्या घरातील शस्त्रपूजा आमच्या डोळ्यांसमोर यथासांग पार पडली होती.

विराटनगरीच्या वेशीवर नकुलाने पावसापासून जपलेली शस्त्रे वर्षाअखेर पांडवांच्या उपयोगी पडली. आपल्या घरातील शस्त्रे आणि अवजारे यांनाही यंदा तोच हात लाभो, पाटावर येणारी प्रत्येक नळी रिकामी आणि निर्मळ असो, आणि सोन्याची पाने वाटताना प्रत्येक घर सुखरूप असो, हीच आई जगदंबेच्या चरणी प्रार्थना.